शेपटातली अँटेना

आमच्या वन्सं काय काम करतात हे नव्या माणसाला सांगायचं, तर मला आधी घसा साफ करावा लागतो. विमानाचं वायरिंग करतात म्हटलं की समोरच्याला वाटतं, मोठ्या कंपनीत असतील, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पिवळी टोपी. तसलं काही नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहतात. जगात अशीही हौशी माणसं आहेत, जी घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांपुरतं छोटं विमान स्वतःच्या हातानं बांधतात. त्यांच्या विमानात तारा ओढून देणं, रेडिओ, दिवे, बॅटरी जोडणं आणि अँटेना बसवणं हे वन्संचं काम. सांगाडा ज्याचा त्याचा, पण त्यात जीव ओतते आमची ताई, असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात. वन्संना ते मुळीच पटत नाही. जीव इंजिनात असतो, त्या म्हणतात, मी नुसते निरोप पोचवते.

आधी त्या बसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात तारांचे जुडगे बांधायच्या विभागात होत्या. कारखाना दुसऱ्या गावी हलला आणि वन्सं हलल्या नाहीत. मग कुणा ओळखीच्या माणसानं आपलं अर्धवट विमान दाखवायला नेलं. आतल्या तारा बघून वन्संनी एवढंच विचारलं म्हणे, की हे विमान आहे की सुगरणीचं घरटं. त्या माणसानं मुकाट्यानं त्या सगळ्या तारा काढल्या आणि वन्संच्या हवाली केल्या. तिथून सुरुवात झाली.

त्यांची पद्धत कारखान्यातलीच आहे. एका मोठ्या प्लायवूडवर विमानातल्या तारांचा नकाशा खऱ्या मापात काढायचा, जिथे जिथे तार वळते तिथे खिळा ठोकायचा आणि खिळ्यांना वळसे घालत एकेक तार अंथरायची. सगळ्या तारा अंथरून झाल्या की मेण लावलेल्या दोऱ्यानं थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारायच्या. अख्खा जुडगा तयार झाला की तो सापासारखा उचलून विमानात न्यायचा. हे प्लायवूड आमच्या घरात एकाच जागी मावतं, ते म्हणजे जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे काम चालू असलं की आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं किंवा मांडीवर ताट घेऊन जेवतो. कुणाला जेवायला बोलवायचं झालं तर आधी एक विमान उडावं लागतं, असं हे म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

मला तारांतलं काही कळत नव्हतं. पण टेबल माझं, तेव्हा बघणं आलंच. बघता बघता मी तारेचं दुसरं टोक धरायला लागले, मग दोरा ओवून द्यायला लागले. वन्संना गाडी चालवता येत नाही, मला येते, म्हणून शेडपर्यंत ने-आणही माझ्याकडे आली. विमानांत हात घालणारी बाई स्कूटरवर बसायला घाबरते, हे मी एकदा चारचौघांत बोलून गेले होते. त्या दिवशी वन्सं दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

सगळ्यात जास्त वेळ त्यांना लागतो तो तारेच्या टोकांना. प्रत्येक टोकावर धातूची इवलीशी कडी बसवतात, तिला लग म्हणतात. तारेचं सोललेलं टोक लगमध्ये सारायचं आणि पक्कडीनं असं दाबायचं की दोन्ही एकजीव व्हावीत. कमी दाबलं तर तार निसटते, जास्त दाबलं तर आतले धागे तुटतात. दाबून झालं की वन्सं ती तार बोटाभोवती गुंडाळून जोरात ओढतात. प्रत्येक. एकही न सोडता. सुटायचं असेल तर माझ्या टेबलावर सुटू दे, म्हणतात. खरं तर टेबल माझं आहे, पण अशा वेळी मी बोलत नाही.

त्या वर्षी त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला.

हे त्यांनी मला मटार सोलताना सांगितलं, भाव वाढल्याची बातमी सांगावी तशा आवाजात. डॉक्टरांना दाखवून आल्या होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, पण कमीही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ह्यांना सांगायचं नाही, अशी तंबी मला मिळाली, कारण हे त्याच दिवशी पक्कड कपाटात टाकून किल्ली खिशात घालतील. ते खरंही होतं. बहिणीच्या बाबतीत आमचे हे म्हणजे कापसात गुंडाळून ठेवणारे.

मग त्यांनी शेंग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बेकरीवाल्यांचं विमान हातात आहे ना, तेच ठरवेल. त्यात कुठे माझा जोड खोटा निघाला, तर पक्कड खाली ठेवायची. निघाला नाही, तर पुढचं काम घ्यायचं. उगाच मनाला समजावत बसायचं नाही."

मी म्हटलं, हे काम सोडून तुम्ही करणार काय. त्या म्हणाल्या, तुझ्याबरोबर मटार सोलेन. ते ऐकून मला त्यांची नाही, माझीच काळजी वाटली.

बेकरीवाले आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहतात. पुढे दुकान, मधे भट्टी, मागे शेड आणि शेडमध्ये विमान. पहाटेची पावाची घाई उरकली, दुपारचं दुकान बायकोवर सोडलं, की हा माणूस अंगावरचं पीठही न झटकता विमानापाशी. कित्येक वर्षं त्याचं हे चाललं होतं. काचेच्या धाग्यांचं कापड चिकट रसायनात भिजवून, थरावर थर चढवून त्यानं ते घडवलं होतं आणि मग घासून घासून असं गुळगुळीत केलं होतं की माशी बसली तर घसरावी. बेकरीवाल्या वहिनी त्या विमानाला सरळ सवत म्हणायच्या. गिऱ्हाइकानं विचारलं, मालक कुठे आहेत, की सांगायच्या, "मागे आहेत, माझ्या सवतीला पावडर लावतायत." पण विमानाचे पंख जोडायचे होते तेव्हा एक बाजू त्यांनीच खांद्यावर तोलून धरली होती, हेही मी पाहिलं आहे. केकवर क्रीमची फुलं काढणारा हात होता त्यांचा. तो हलला नाही.

बेकरीवाल्यांची एक अट होती. विमानाच्या अंगाबाहेर एकही काडी दिसता कामा नये. इतर विमानांना पाठीवर, पोटावर रेडिओच्या अँटेना असतात, तशा बेकरीवाल्यांना नको होत्या. एवढं घासलंय ते काय त्यावर काड्या खोचायला, असं त्यांचं म्हणणं. वन्संनी मान्य केलं, कारण काचेच्या कापडातून रेडिओच्या लहरी आरपार जातात, जसा खिडकीच्या काचेतून उजेड. विमानाच्या शेपटाचा जो उभा भाग असतो, तो बंद करायच्या आधी त्यांनी आतून तांब्याची लांब पट्टी चिकटवली, तिला केबल डाग देऊन, म्हणजे कथील वितळवून, जोडली आणि मीटर लावून तपासली. मग बेकरीवाल्यांनी ते शेपूट कायमचं बंद केलं. पुन्हा तपासलं, ठीक. आतला तो जोड आता कुणाला दिसणार नव्हता की कुणाचा हात तिथे पोचणार नव्हता.

सगळं जोडून झालं, रंग चढला, आणि गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर विमान न्यायचा दिवस उजाडला. पंख वेगळे करून, गादीवर निजवून त्याला ट्रॉलीवरून नेलं. तिथला नियम असा, की विमान जमिनीवर असतानाच त्याचा रेडिओ टॉवरशी स्वच्छ बोलला पाहिजे. तोवर तपासणीचे साहेब कागदावर सही करत नाहीत, आणि साहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते. टॉवर म्हणजे तरी काय, चारी बाजूंनी काचा असलेली गच्चीवरची एक खोली. तिथे एक बाई बसायच्या. त्यांचा आवाज शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंसारखा होता.

बेकरीवाल्यांनी माइक हातात घेतला, पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं आणि उत्तराची वाट पाहिली. टॉवरवाल्या बाई म्हणाल्या, तुमचा आवाज तुटतोय. पुन्हा बोलले. बाई म्हणाल्या, कुणीतरी बोलतंय एवढंच कळतंय. समोर, नजरेच्या टप्प्यात, गच्चीवर त्यांची खुर्ची दिसत होती आणि आवाज पोचत नव्हता. बेकरीवाले वन्संकडे बघायला लागले. वन्सं कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला होता.

पुढचे काही दिवस आम्ही धावपट्टीवरच्या शेडमध्ये काढले. वन्संनी केलेलं सगळं वन्संच उलगडत होत्या. विमानाच्या शेपटाकडचा भाग म्हणजे निमुळता बोगदा. त्यात त्या टॉर्च घेऊन पालथ्या सरपटत जायच्या आणि परत यायचं झालं की मी पाय धरून ओढायचं. एकदा मी ओढत असताना तपासणीच्या कचेरीतला शिपाई डोकावला आणि काही न विचारता निघून गेला. एरवी आम्ही दोघी ह्यावर आठवडाभर हसलो असतो. त्या दिवशी वन्संना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मंगळवारी दुपारी तर त्या जेवल्याही नाहीत. मी डबा उघडून समोर ठेवला, त्यांनी झाकण परत लावलं.

शेवटी त्यांनी एक साधी गोष्ट केली. झाडूच्या दांड्याला एक तार बांधली, तिला केबल जोडली आणि शेपटातल्या अँटेनाऐवजी ती रेडिओला लावली. मी दांडा धरून उभी राहिले. टॉवरवाल्या बाई लगेच म्हणाल्या, आवाज अगदी स्वच्छ. म्हणजे रेडिओ चांगला, बॅटरी चांगली, पुढच्या सगळ्या तारा चांगल्या. उरला तो शेपटाच्या पोटातला, बंद केलेला जोड. जुन्या केबलवर मीटर लावलं तर काटाही नको तितका सरकत होता.

वन्संनी बेकरीवाल्यांना बाजूला बोलावून सांगितलं, की आतला डाग ट्रॉलीवरच्या हादऱ्यांनी सुटला असणार. डाग माझा आहे, चूक माझी आहे, शेपूट कापून उघडावं लागेल. बेकरीवाल्यांनी शेपटावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, ठीक आहे ताई, इथे नको, घरी नेऊन कापू.

परत न्यायचं म्हणून विमान शेडबाहेर काढून ट्रॉलीच्या दिशेनं फिरवायला घेतलं. पुढचं चाक जागेवर ठेवून शेपटाकडून ढकलत, भिंतीजवळचं जड कपाट फिरवावं तसं. वन्संनी तोवर शेपटाची केबल परत रेडिओला जोडून टाकली होती. बेकरीवाल्या वहिनी आत बसल्या होत्या, ब्रेकवर पाय ठेवायला. विमानाशी जन्माचं वैर सांगणाऱ्या ह्या बाईंना माइकची मात्र गोडी लागली होती. आम्ही ढकलतोय आणि ह्या टॉवरवाल्या बाईंशी बोलतायत, तुमच्याकडे चहा कुठून येतो, त्याबरोबर खायला काय देतात. पलीकडून नुसती खरखर. आणि मधेच, अचानक, हजेरीचा तो आवाज थेट शेडपर्यंत ऐकू आला. अजून ढकलल्यावर पुन्हा खरखर.

"थांबा," वन्सं म्हणाल्या. "मागे घ्या. तेवढंच मागे."

मागे घेतलं. आवाज आला. पुढे नेलं, गेला. वन्संनी विमान गोल फिरवायला लावलं. उजवं अंग टॉवरकडे असलं की बाई वहिनींना चहाबद्दल सांगत होत्या, डावं अंग टॉवरकडे आलं की मुक्या होत होत्या.

वन्सं बराच वेळ शेपटाकडे बघत राहिल्या. "डाग सुटला असता," त्या हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तर सगळीकडूनच गेला असता. एकाच बाजूनं कसा जाईल?" मग त्या डाव्या बाजूला गेल्या, रंगावरून तळवा फिरवला, नखानं टकटक केलं. वर एक आवाज, खाली दुसरा. बारीकसा फरक, पण मलाही ऐकू आला.

"बेकरीवाले, इथे काय केलंत?"

"काही नाही. थोडी डागडुजी."

"कसली डागडुजी?" हे आतून वहिनींनी विचारलं.

बेकरीवाल्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते चाकाकडे बघत, तुकड्या-तुकड्यांनी सांगायला लागले. शेपूट बंद करून भट्टीच्या खोलीत उबेला ठेवलं होतं, वाळायला. वहिनींनी पावाच्या ट्रेची ढकलगाडी वळवली, तिचा कोपरा शेपटाला लागला. वहिनींना ते आठवत होतं. रंग उडाला असेल, असं तेव्हा बेकरीवाले म्हणाले होते. रंग तर तोवर लावलाच नव्हता, हे त्या घाईत वहिनींच्या लक्षात आलं नाही. शेपूट चांगलं हातभर तडकलं होतं. बेकरीवाल्यांनी कुणालाही न सांगता ते सांधलं, आणि पुन्हा तडकू नये म्हणून नेहमीचं कापड न वापरता एका दुसऱ्या विमानवाल्याकडून मिळालेलं जास्त मजबूत कापड लावलं. मग घासलं, की खुद्द बायकोलाही ओळखू येऊ नये.

"कुठलं कापड?" वन्संनी विचारलं.

"काळं. कार्बनचं."

वन्सं तिथेच गवतावर बसल्या. आधी मला वाटलं, चक्कर आली. पण त्या हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यांनी समजावून सांगितलं, की काचेचं पांढरं कापड म्हणजे खिडकी आणि हे काळं कापड म्हणजे लोखंडी दार. बेकरीवाल्यांनी अँटेनाच्या एका अंगाला दार लावून ठेवलं होतं. बेकरीवाले म्हणाले, मला कापड म्हणजे कापडच वाटलं. त्यांची चूक तरी काय म्हणायची, त्यांना वन्संनी पांढऱ्याबद्दल सांगितलं होतं, काळ्याचा विषयच निघाला नव्हता.

वहिनी विमानातून उतरल्या. "मला रंग उडाला म्हणून सांगितलंत."

"तू रडली असतीस."

"रडले असते. मग रडून झालं असतं. ह्या बाई गेले चार दिवस त्या बोगद्यात सरपटतायत, ते बघत बसलात?"

"मला काय माहीत, त्याचा आणि ह्याचा संबंध आहे ते."

परत येताना वहिनी नवऱ्याच्या गाडीत न बसता आमच्या गाडीत बसल्या, आणि उतरताना दार जरा जोरात लावलं. शेपूट कापायची गरज उरली नव्हती. आतली अँटेना तशीच सोडून द्यायची आणि विमानाच्या पोटाखाली एक साधी उभी काडी लावायची, आतल्या बाजूनं फरशीवर तांब्याच्या पट्ट्या चिकटवून, असं ठरलं. बेकरीवाल्यांनी ते मान खाली घालून ऐकलं होतं. एवढ्या वर्षांच्या घासण्याला शेवटी उंदराची शेपटी, एवढंच ते पुटपुटले होते.

वहिनी उतरल्यावर मी सुटलेच. मी भलतीच खूश होते. म्हटलं, बघा, उगाच जीवाला घोर लावून घेतला होतात, तुमचा डाग पक्का होता, आता पुढचं काम घ्या, मटार मी एकटी सोलते. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. घराशी गाडी लावली तेव्हा त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उलगडली. आत एक लग होती. रिकामी.

"विमान उतरताना लागतो त्या दिव्याची," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तपासताना हातात आली. ओढायलासुद्धा लागलं नाही. ही मी शेवटी शेवटी दाबली होती, त्या दिवशी अंगठा फार हलत होता. आणि ओढून बघायची राहिली."

मी म्हटलं, नवीन बसवलीत ना. हो म्हणाल्या. मग झालं तर, मी म्हटलं, रेडिओचं दुखणं तर हे नव्हतं. कुणाला कळलंही नाही.

"मला कळलं ना," वन्सं म्हणाल्या. "मी पैज रेडिओवर नव्हती लावली गं. हातावर लावली होती."

आम्ही तशाच गाडीत बसून राहिलो. शेवटी हे गॅलरीतून वाकून म्हणाले, गाडीतच राहणार आहात का, मी कुकर लावलाय.

जेवताना वन्संनी ह्यांना अंगठ्याचं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, आता किल्ली, कपाट, सगळं होणार. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "दाखव." वन्संनी हात पुढे केला. ह्यांनी तो नुसता धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं बेकरीत गेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. बिस्किटांच्या बरण्यांमधल्या जागेत, काउंटरवर त्यांनी ती लग ठेवली आणि दोघा नवरा-बायकोला सगळं सांगितलं, अंगठ्यापासून दिव्यापर्यंत. बेकरीवाले गडबडले. कालपर्यंत स्वतःच अपराधी होते, त्यामुळे त्यांना कसं वागावं ते सुचेना. एकच तर आहे ताई, ते म्हणाले.

"वर गेल्यावर एकच पुरते," वन्सं म्हणाल्या. "पोटाखालच्या काडीचे जोड मी करायचे नाहीत. काय कुठे येतं ते मी सांगते, करणारं माणूस दुसरं बघा."

बेकरीवाल्यांनी आपले हात पुढे केले. भट्टीवरचे, चटके बसून जाड झालेले हात ते. वन्संनी मान हलवली. तेवढ्यात आतून वहिनी आल्या. बोटांना क्रीम लागलं होतं, ते त्यांनी फडक्याला पुसलं, वन्संच्या पिशवीतून पक्कड उचलली आणि म्हणाल्या, "दाखवा मला. कसं दाबायचं?"

त्यांच्या पहिल्या लगा सगळ्या वाया गेल्या. वन्सं तार बोटाभोवती गुंडाळून ओढायच्या, लग टपकन सुटायची, की बाजूला टाकायच्या. वहिनी चिडल्या नाहीत. क्रीमची पिशवी दाबतानाही असंच असतं, त्या म्हणाल्या, जोर सगळा पंजाचा, अंगठा फक्त वाट दाखवायला. हे ऐकून वन्संनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. संध्याकाळपर्यंत एक लग अशी आली की वन्संनी ओढली, पुन्हा ओढली, मग माझ्या हातात देऊन मलाही ओढायला लावली. सुटली नाही. मग आणखी एक. ओढायला अंगठा स्थिर लागत नाही, जोर लागतो, आणि जोर वन्संकडे भरपूर होता.

पोटाखालची काडी बसली. तिचा प्रत्येक जोड वहिनींचा आणि प्रत्येक ओढ वन्संची. मग वन्संनी आधीचे सगळे जोडही पुन्हा एकदा ओढून काढले, एकूण एक. कुठलाच सुटला नाही. साहेब आले, टॉवरवाल्या बाईंनी विमान चारी दिशांना फिरवायला लावून आवाज ऐकला आणि कागदावर सही झाली.

विमान उडालं त्या सकाळी आम्ही कुंपणाशी उभ्या होतो. आमच्या हातात बेकरीवाल्यांनी ऐकायला म्हणून दिलेला छोटा रेडिओ होता. ते वर गेले, धावपट्टीभोवती एक मोठा फेरा घेतला आणि टॉवरला कुठे आहेत, किती उंचीवर आहेत ते सांगत राहिले. आवाज इतका स्वच्छ होता की त्यांचा श्वासही ऐकू येत होता. वहिनी वर बघतच नव्हत्या. डोळे मिटून रेडिओ कानाशी धरून उभ्या होत्या. विमान टेकलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आली बाई सवत."

लोक बेकरीवाल्यांभोवती जमले. त्यांच्यातला एक उंच, चष्मा लावलेला गृहस्थ मात्र आमच्याकडे आला. त्याचंही विमान अर्धं झालं होतं. तारांचं काम कुणी केलं अशी चौकशी करत तो वन्संपर्यंत पोचला होता. माझं कराल का, त्यानं विचारलं.

मी वन्संकडे पाहिलं नाही, मुद्दामच.

"करीन," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. माझा अंगठा हलतो. तारा कुठून कशा न्यायच्या ते मी ठरवणार, आणि प्रत्येक जोड मी ओढून बघणार. दाबायचं काम ह्या करतील."

वहिनींनी वळून पाहिलं. "मला विचारलंत का?"

"आत्ता विचारतेय."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. पलीकडे बेकरीवाले विमानाला टेकून फोटो काढून घेत होते, केसांत अजून पिठाचा अंश होता.

"सकाळी बेकरी असते," त्या म्हणाल्या. "दुपारनंतर यायला जमेल. हे बसतील दुकानात."